डाव्या बाजूचा बैल

१

पंचगंगेच्या पलीकडं, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत शिवगोंडा पाटलाचं गुऱ्हाळ होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला शिवगोंडा त्याच गुऱ्हाळामागं, चिपाडाच्या ढिगाआड मरून पडलेला सापडला. डोक्याची मागची बाजू फुटली होती. चुलीतली राख ओढायची लांब दांड्याची लोखंडी फावडी शेजारी पडली होती आणि तिच्या पात्याला केस चिकटले होते.

प्रेत पहिल्यांदा बघितलं तानाबाईनं. उसाचा रस काढून उरलेली चिपाडं वाळत घालायचं काम ती करायची. त्या सकाळी नवरा तिला लुनावरून सोडून गेला. पदर खोचून, बुट्टी घेऊन दहाएक मिनिटांनी ती ढिगाकडं वळली, तर धुरातून एक पाठमोरा माणूस उसाच्या फडात शिरताना दिसला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. चार पावलं पुढं गेली, तर पायाशी मालक. तिच्या किंकाळीनं माणसं धावून आली तेव्हा ती गुडघ्यात डोकं खुपसून ओकत होती. कोण होता म्हणून विचारल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की तोंड दिसलं नाही, पण त्याला डावा हात नव्हता.

डावा हात नसलेला माणूस त्या वाडीत एकच होता, बाळाप्पा. बारा वर्षांपूर्वी ह्याच गुऱ्हाळाच्या घाण्यात त्याचा हात कोपराच्या वरपर्यंत गेला होता. शिवगोंडानं त्याला कामावरून काढलं ते काढलंच, पुन्हा आवारात पाय ठेवू दिला नाही. दारूच्या नशेत बाळाप्पा भर बाजारात म्हणाला होता, की एक दिवस मालकाच्या उरावर बसीन. दुपारच्या आत पोलिसांनी त्याला नदीकाठावरून झोपेतून उठवून नेला. सकाळी तो कुठं होता, हे सांगणारं माणूस नव्हतं.

पाचव्या दिवशी बाळाप्पाची बायको चिमणाबाई कोल्हापुरात शनिवार पेठेत शमशुद्दीन जमादाराच्या दारात येऊन बसली. शमशुद्दीन पोलिसातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सरळ माणूस म्हणून त्याचं नाव अजून घेतलं जायचं. त्यानं तिला समजावलं, की आता आपल्या हातात काही नाही, काठीसुद्धा सरकारजमा केली.

"काठी न्हाय तर न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "कान हाईत न्हवं? ऐकून तर घ्या की."

ती सांगत गेली. आठ दिवसांत कागद कोर्टात जाणार होते. वकील म्हणाला होता, डोळ्यांनी बघितलेली साक्ष आहे, बाळाप्पा फासावर नाही तर जन्मठेपेवर जाणार. तानाबाई खोटारडी नव्हती, हे तर चिमणाबाईचं मोठंच दुखणं होतं. खोटारडी असती तर भांडता आलं असतं.

"आणि काय दिसलं म्हणती ती?" शमशुद्दीननं विचारलं.

"आणि काय? रस्त्यावर गाडी हुती म्हणं. एका बैलाची."

शमशुद्दीनचा चहाचा कप ओठाशी थांबला. चुलीपुढनं त्याच्या बायकोनं, खतिजानं, वर बघितलं. तो कप का थांबला, हे सगळ्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

२

शमशुद्दीनला तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ती रेघ दिसली होती. बघतो तिथं मधोमध एक चमचमता ठिपका यायचा, चांदीच्या वर्खाच्या तुकड्याएवढा. मग तो वाढत जायचा, त्याला करवतीसारखे दाते फुटायचे आणि ती नागमोडी रेघ थरथरत एका बाजूला सरकायची. ती जिथनं सरकली तिथलं जग नाहीसं व्हायचं. काळं व्हायचं नाही, हीच खरी गोम होती. काळं झालं असतं तर माणसाला कळलं असतं. तिथं काही नसायचंच, आणि नाही हेसुद्धा कळायचं नाही. समोरच्या माणसाला एकच कान असायचा. फळ्यावरचं अर्धंच नाव वाचून तो पुढं जायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळं परत यायचं आणि मागनं डोकं फुटायला लागायचं.

मिरजेच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, की ही अर्धशिशीच, पण डोळ्यांत उतरणारी. मायग्रेन. औषधापेक्षा ती कशानं येते ते ओळखा आणि त्यापासून लांब राहा.

ते ओळखण्यात वर्षं गेली. वेल्डिंगच्या ठिणग्या. नव्या रंगाचा वास. दोन रात्रींचा बंदोबस्त. पोट रिकामं राहिलं, तर हटकून. रमजानात दुपारी तो चौकीच्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायचा, आणि शेवटी रोजे सोडावे लागले तेव्हा मशिदीत कुणाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटली. पण सगळ्यांत वाईट म्हणजे झाडांच्या रांगेतनं येणारं तिरपं ऊन. गाडीवरनं जाताना ऊन-सावली, ऊन-सावली अशी डोळ्यांवर फडफडली, की दहा मिनिटांत रेघ हजर. एसटीत तो डोळे मिटून बसायचा. लोक म्हणायचे, जमादार झोपाळू आहे.

खात्यात त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी तो वाडीवर गेला. तानाबाई परड्यात शेण्या थापत होती. पन्नाशीची, हडकुळी, तोंडानं तिखट बाई. पोलीस म्हटल्यावर तिनं आधी चार शब्द सुनावले, की एकच गोष्ट किती येळा वकायची. शमशुद्दीननं खुनाचं काही विचारलंच नाही. त्यानं विचारलं, त्या दिवशी न्याहारी काय केली होती.

सोमवार होता, तिचा उपास होता. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आणि गुऱ्हाळाची वाट कालव्याच्या कडेनं जायची. मैलभर निलगिरीची झाडं, पोलिसांच्या परेडसारखी एका रांगेत. ती झाडं येतानाच शमशुद्दीननं बघितली होती, म्हणजे डोळे मिटून घेतले होते.

"तानाक्का," तो म्हणाला, "डोळ्याम्होरं कवा काय चमकतं का? करवतीवानी?"

शेण्या थापणारा हात थांबला. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आला. "तुमाला कुणी सांगिटलं? मी तर घरधन्यालाबी सांगिटलं न्हाय. म्हणतील अंगात येतंय, न्हायतर म्हणतील आंधळी झाली."

"त्या दिवशी चमकलं हुतं?"

तिनं मान हलवली. आधी वाटलं धूर आहे. मग प्रेत बघितलं, आणि पुढचं सगळं प्रेतामुळं झालं, असं तीही समजली, लोकही समजले. डोकं दोन दिवस ठणकत होतं.

आपल्यालाही हे होतं, असं शमशुद्दीननं तिला सांगितलं. घराबाहेर कुणाला सांगायची त्याची ती पहिली वेळ. तानाबाईनं शेणाचे हात पदराला पुसले. मग तिला जे उमगलं, त्यानं तिचं तोंड पांढरं पडलं.

"म्हंजी त्या माणसाला हात हुता?"

३

हात होता असं म्हणणं सोपं होतं. मग तो कुणाचा, हे सांगायला लागणार होतं.

त्या दिवशी रस्त्यावर गाडी उभी होती ती बाळासोची, गुऱ्हाळाला ऊस आणणाऱ्याची. त्याला बैलाचं विचारलं तर तो हसायलाच लागला. "जमादार, एका बैलावर दीड टन ऊस वढायला मी काय खुळा हाय? का बैलाला?" गाडी पाठमोरी होती, दोन्ही बैल जुंपलेले होते. तानाबाईला दिसला तो उजवा. म्हणजे गाडीचाही डावा बैल गेला आणि माणसाचाही डावा हात गेला. शमशुद्दीनला हेच हवं होतं.

गुऱ्हाळावरच्या माणसांकडं मात्र त्याला भिंतच लागली. सहाही जण एकच सांगत होते. काहील उतरायची वेळ होती, सगळे काहिलीवर होतो. आणि ते पटण्यासारखं होतं. उकळत्या रसानं भरलेली ती एवढी मोठी कढई उतरवायची म्हणजे दांड्याला सहा गडी लागतात. एक कमी पडला तर उरलेले भाजून निघतील. शिवाय गुळव्या गुंडूनं हाक दिल्याशिवाय दांड्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. रसाचा पाक झाला की नाही, हे फक्त गुळव्याचा डोळा जाणतो. गुंडू त्या गुऱ्हाळावर तीस वर्षं होता. माणूस अबोल, हात पोळून पोळून चामड्यासारखे झालेले. शमशुद्दीनशी तो नीट बोलला. बाळाप्पाबद्दल वाईट वाटतं म्हणाला.

परत फिरताना शमशुद्दीन शिवगोंडाच्या घरी गेला. विधवा विठाबाई सोप्यात बसली होती. सुतकाचं घर, तरी पाहुणा उन्हातनं आला म्हणून तिनं सुनेकडून गूळ-पाणी आणवलं. शमशुद्दीननं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. गूळ काळा होता, करपट, जिभेवर कडू उतरत होता. कोल्हापूरच्या गुऱ्हाळमालकाच्या घरात असला गूळ?

विठाबाई खजील झाली. म्हणाली, बाजारात जाण्याजोगा नव्हता, म्हणून घरात आणून टाकलाय. एकच काहील तसली बिघडली.

"कुठल्या दिवसाची?"

"त्याच सोमवारची. सकाळची पैली."

शमशुद्दीननं वाटीतला दुसरा खडा उचलून उजेडात धरून बघितला. मग त्यानं हळूच विचारलं, की पाटलांचं शेवटच्या दिवसांत कुणाशी काही वाकडं झालं होतं का. विठाबाई म्हणाली, वाकडं नाही, पण महिनाभर त्यांना झोप नव्हती. बाळाप्पाला घरी बोलवून काहीतरी सांगायचं होतं. रविवारी संध्याकाळी त्यांनी आधी एका माणसाला बोलवून घेतलं, आणि...

तिथं ती थांबली. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि काही केल्या पुढं बोलेना.

४

फौजदार इंगवले तरुण होता. शमशुद्दीनच्या हाताखाली त्यानं उमेदवारीचे सहा महिने काढले होते, म्हणून त्यानं ऐकून तरी घेतलं. पण अर्धा माणूस दिसायचा रोग त्याच्या गळी उतरेना. शमशुद्दीन म्हणाला, येत्या सोमवारी बघा.

सोमवारी उपाशी तानाबाईला तिच्या नवऱ्यानं लुनावर घेतलं. तीच वेळ, तीच वाट. मागनं जीप. निलगिरीच्या खोडांमधनं कोवळं ऊन चाबकासारखं तोंडावर बसत होतं. शमशुद्दीन जीपमध्ये पुढं बसला होता. एरवी त्यानं डोळे मिटले असते, पण आज तानाबाईवर नजर ठेवायची होती. तो बघत राहिला.

गुऱ्हाळापाशी तानाबाई उतरली आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. दहाएक मिनिटांनी म्हणाली, आलं. बाळासोची गाडी त्याच जागी उभी केली होती. फौजदारानं विचारलं, बैल किती.

"एक."

"नीट बघा."

"एकच दिसतोय, सायेब. दोन हाईत हे मला ठावं हाय. पर दिसतोय एकच." ती रडायला लागली.

फौजदार शमशुद्दीनकडं वळला. त्याच्या आवाजात आता मान राहिला नव्हता. म्हणाला, की बाईला पढवलंय हे शेंबड्या पोरालाही कळेल, बाळाप्पाच्या बायकोचे अश्रू बघून जमादार विरघळले. शमशुद्दीन शांतपणे म्हणाला, माझ्यावर विश्वास नको, तुमच्या हवालदाराला विचारा, त्यानं बाईला काल रात्रीपासून घरात बसवून ठेवली होती. कुणी भेटलं असेल तर तो सांगेल. "कुठं गेला तो? बलवा की त्येला."

फौजदारानं एकदा शमशुद्दीनच्या डावीकडं बघितलं, एकदा त्याच्या डोळ्यांकडं.

"जमादार," फौजदार सावकाश म्हणाला, "हवालदार तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. मघापासून."

शमशुद्दीननं मान वळवली. मान पुरती वळल्यावर हवालदार दिसला, हाताच्या अंतरावर. शमशुद्दीनला कुणी पढवलं नव्हतं, हे त्याच्या दचकलेल्या तोंडावरनंच कळत होतं.

"किती वर्षं?" फौजदारानं विचारलं.

"नोकरीतली अठ्ठावीस."

"आणि तुम्ही कोर्टात उभे राहून सांगायचात, मी ह्याला बघितलं, मी त्याला बघितलं."

"व्हय."

"एखादा तरी असा असेल, की जो तुम्ही अर्धाच बघितला होता?"

शमशुद्दीनला हा प्रश्न नवीन नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो स्वतःच स्वतःला विचारत होता आणि उत्तर देत नव्हता. तो म्हणाला, "तीन नावं हाईत. लिहून देतो. तुमी त्याचं जे करायचं ते करा. पर आदी बाळाप्पाचं बगा."

फौजदारानं टोपी काढून कपाळ पुसलं. "त्याला सोडावं लागेल. पण मग माझ्या हातात काय उरलं? जिनं बघितलं तिचाच डोळा खोटा. आता तो माणूस कुणीही असू शकतो, आणि कुणीच नाही."

५

चुलीवर काहील उकळत होती. रसाला पिवळा फेस आला होता, वाफेत माणसं भुतासारखी दिसत होती. फौजदार आणि शमशुद्दीन आत आले तेव्हा कुणी काम थांबवलं नाही. गुळाच्या कामात कुणासाठी थांबता येत नाही.

शमशुद्दीनचं डोकं ठणकायला लागलं होतं. त्यानं खांबाला पाठ लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, त्या सोमवारी गूळ काळा का झाला.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी सगळ्यांत म्हातारा गडी म्हणाला, काहील उतरायला उशीर झाला. पाक करपला.

"सगळी काहिलीवर हुता म्हणालासा. मग उशीर का?"

"हुतोच की. दांडं धरून हुबा हुतो. पर हाक न्हवती." म्हाताऱ्यानं गुंडूकडं बघितलं. "गुंडूदा भेंडी आणाय मागं गेलता."

"हे पोलिसास्नी का न्हाय सांगिटलं?"

"कुणी इच्यारलंच न्हाय. हात नसलेला माणूस घावला हुता न्हवं."

ते खरंच होतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. करपलेल्या काहिलीची लाज होती, ती तेवढी झाकली.

शमशुद्दीन फौजदाराकडं वळला. रानभेंडीच्या पाण्यानं रसातली मळी वर येते, तेव्हा ती घालायची रस अर्धवट उकळला असताना. पाक उतरायला आल्यावर भेंडीचा काय उपयोग? आणि भेंडीची बुट्टी तर ती बघा, चुलीशेजारी. तीस वर्षांचा गुळव्या ऐन उतरायच्या वेळी काहील सोडून मागं जातो, आणि जाताना राखेची फावडी घेऊन जातो. कशाला?

गुंडू रसावरची मळी काढत होता. त्यानं झारा खाली ठेवला नाही. "मालकानं बलवलं हुतं," तो म्हणाला. "बोलून आलो. मी आलो तवा जित्ता हुता."

"काय बोलला?"

"कामाचं."

"खोटं बोलतोय त्यो," दारातनं आवाज आला.

विठाबाई उभी होती. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली होती. ती आत आली आणि कुणाकडंही न बघता बोलली. बाळाप्पा दारू पिऊन चालत्या घाण्यात हात घालून बसला, असं बारा वर्षं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. तो त्या दिवशी प्यायला नव्हता. इंजिन बंद होतं. अडकलेला ऊस काढायला तो आत वाकला होता, आणि काहिलीला रस कमी पडतोय म्हणून गुंडूनं हाक न देता इंजिन चालू केलं. शिवगोंडानं ते बघितलं. हंगाम बुडेल म्हणून गप्प बसला, मग रोज गप्प बसत गेला. बाळाप्पाला आवारात येऊ दिला नाही ते त्याचं तोंड बघवत नव्हतं म्हणून. रविवारी त्यानं गुंडूला बोलवून सांगितलं, की सोमवारी मी बाळाप्पाला सगळं सांगणार.

"मला वाटलं त्येंची अब्रू जाईल," विठाबाई म्हणाली. "म्हणून गप बसले. मीबी."

काहिलीतला आवाज बदलला होता. फेस बसून मोठे, जड बुडबुडे फुटायला लागले. गुंडूनं सवयीनं थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी चोळला.

"उतरा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"उतरा रं. करपंल."

म्हाताऱ्या गड्यानं दांड्यावरचा हात काढून पाठीमागं नेला. मग दुसऱ्यानं. पाक लाल झाला, मग तपकिरी. करपट वास छपराखाली कोंडला. गुंडूनं एकट्यानं दांडा धरला, काहील तसूभरही हलली नाही. तो तसाच दांड्याला धरून बोलायला लागला, रसाकडंच बघत. मालकाला किती समजावलं, ऐकेना; फावडी हातात होती, आणि मग तानाक्काची चाहूल लागली तसा फडातनं वळसा घालून काहिलीवर परतलो. तीस वर्षांत ह्या हातानं गुळाचा एक रवा वाया घालवला नव्हता. बाळाप्पाला कळलं असतं तर ह्या गावात आपल्याला कुणी पाणी दिलं नसतं.

"आणि तो फासावर गेला असता तर?" फौजदारानं विचारलं.

गुंडू म्हणाला, "तानाक्कानं त्याचं नाव घेतलं. मी घेतलं न्हवतं."

६

बाळाप्पाला चौथ्या दिवशी सोडलं. तुरुंगाच्या दाराशी चिमणाबाई उभी होती आणि तिच्या मागं शमशुद्दीन. तानाबाईही आली होती, पण ती रस्त्याच्या पलीकडं वडाखाली थांबली, अलीकडं यायचा तिला धीर झाला नाही.

बाळाप्पा दाढी वाढलेला, वाळलेला, कागदी पिशवी काखेत धरून बाहेर आला. चिमणाबाईनं पिशवी घेतली. तो शमशुद्दीनला नमस्कार करायला गेला आणि एकच हात वर आला. खुनाचं त्यानं काही विचारलं नाही. आत कुणीतरी त्याच्या कानावर अर्धंमुर्धं घातलं असावं.

"जमादार, इंजिन कुणी चालू केलतं?"

शमशुद्दीननं सांगितलं. हेही सांगितलं, की त्या दिवशी तू प्यायला नव्हतास. मालक तुला तेच सांगणार होता.

बाळाप्पा कठड्यावर बसला. आधी तो सणासुदीला घोटभर घ्यायचा, रोजची दारू हात गेल्यावर सुरू झाली होती. सगळे म्हणत होते दारूनं हात गेला, तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्यालाच आठवत नसेल. चिमणाबाई त्याच्या खांद्याला धरून चल म्हणाली, एसटी सुटंल. तो उठला नाही. उजव्या हातानं सदऱ्याची रिकामी बाही चाचपत राहिला, कोपरापासून खाली, पार मनगट असायचं तिथपर्यंत.

"बारा वर्सं," तो म्हणाला, "मी ह्येलाच शिव्या घालत आलो."